शनावाच्या नावाची शिष्यवृत्ती

१२ ऑक्टोबर

आज दोन कामं झाली. सकाळी आमच्या तारेवर आकडा टाकणारा माणूस सापडला आणि दुपारी शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता दिला.

आकडेवाल्याचं मनगट मी पान्याने मोडलं. बत्तीसचा पाना, उजवं मनगट. तो डावखुरा आहे हे आधी विचारून घेतलं होतं, म्हणजे त्याची रोजी बुडू नये. गावात मला तापट म्हणतात. तापट माणूस आधी विचारत नाही.

शिष्यवृत्तीबद्दल नीट लिहून ठेवतो, कारण पुढे लोक वाटेल ते सांगतील. सरकारचा पैसा डॉक्टर आणि इंजिनियर होणाऱ्यांकडे जातो. इतिहास, भाषा, गाणी असलं काही शिकू म्हणणाऱ्याला विद्यापीठ सांगतं, जागा आहे, पण स्वखर्चाची. आणि आमच्या नदीकाठी ज्यांना स्वखर्च परवडतो ते पोरांना इतिहास शिकवत नाहीत, गाडी घेऊन देतात. मी स्वतः सहावीपर्यंत शिकलो. सातवीचा मास्तर इराणच्या आघाडीवर गेला तो आलाच नाही, आणि वर्ग परत भरला नाही. पुढचं माझं मी शिकलो, जनरेटरच्या आवाजात. आज अर्ध्या गावाला वीज मी देतो, आणि जनरेटरच्या आवारावरच्या माडीत माझी जेवढी पुस्तकं आहेत तेवढी एखाद्या प्राध्यापकाच्या घरी निघाली तर मला दाखवावीत. म्हणून ही शिष्यवृत्ती मीच काढली. नाव आजोबांचं दिलं, शनावा. वैराच्या काळात बेत गुमर या शत्रू घराण्याच्या दखीलला त्यांनी नदीच्या उतारावर समोरासमोर, एकास एक गाठून मारलं. आमची सगळी भावकी त्यांच्या नावाने ओळखली जाते, बेत शनावा.

मुलगी इब्तिहाल. बाप नाही, भाऊ मासे विकतो, भावकी नावापुरती. मुलाखतीत विचारलं, शब्दकोश कुठला वापरतेस. बाकीच्यांनी जाडजूड नावं सांगितली. ही म्हणाली, मैत्रिणीचा, ती देईल तेव्हा. तिथेच निवड झाली.

विषय नदीकाठच्या बायकांची गाणी. माझी अट एकच, प्रत्येक प्रकरण आधी मी वाचणार.

"अम्मू, आधी मार्गदर्शक वाचतात," ती म्हणाली. अम्मू म्हणजे काका.

"मार्गदर्शक पगार घेतो. मी देतो."

ती हसली. मग म्हणाली, "अम्मू, बाहीवर काय लागलंय?"

"गंज," मी म्हणालो.

रसमियाला घरी येऊन सगळं सांगितलं. तिला कशाचं कौतुक नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "हाजी, पोर शिकवताय की पोर मिळवताय?" मला मूल नाही म्हणून सगळं गाव मला अबू गायब म्हणतं, गायब असलेल्या लेकाचा बाप. हाक मारणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण बायकोने तरी शब्द जपून वापरावेत.

३ नोव्हेंबर

पहिलं प्रकरण आलं. बरं आहे. मोठ्या पुराचं साल तिने चुकीचं लिहिलं होतं, मी दुरुस्त केलं.

"अम्मू, सरकारी अहवालात हेच साल आहे."

"अहवाल बगदादला छापला. पूर इथे आला."

तिने मुकाट्याने बदललं. शिकणाऱ्याने असं असावं. तिचा भाऊ अलवान तोवर मोटारसायकलवर खाली उभा. त्याच्या मागच्या टोपल्यांचा वास माडीपर्यंत येतो. मी त्याला म्हटलं, वर ये, चहा घे. म्हणाला, "नको हाजी, पुस्तकांना वास लागेल." पोरगा समजूतदार आहे.

१९ डिसेंबर

पलीकडच्या काठावर दोन जमातींची लढाई जुंपली आहे. म्हशींच्या पाणवठ्यावरून सुरू झालं, आता उखळी तोफांपर्यंत आलंय. काल फुटक्या पुलाजवळ एक मिनीबस मधे सापडली. चालकाचं डोकं खिडकीच्या काठावर टेकलेलं होतं, डोळे मिटलेले, झोपल्यासारखं, फक्त मागची बाजू नव्हती. मी तारा तपासायला गेलो होतो. दोन खांब गेले.

अशातच इब्तिहाल बोरूच्या बेटांतून होडीने जाऊन बेत गुमरच्या तिस्वाहिन म्हातारीची गाणी ध्वनिमुद्रित करून आली. मी संतापलो. ती म्हणाली, "गोळ्या सुरू झाल्या की म्हाताऱ्या जास्त गातात, अम्मू. एरवी त्यांना आठवत नाही."

"काय गायली?"

"अजून उतरवून घेते आहे."

मग ती स्वयंपाकघरात रसमियाकडे गेली आणि दार लावून दोघी बराच वेळ बसल्या. बायकांना एवढं काय बोलायचं असतं कोण जाणे. कुब्ब्याची कृती विचारत होती म्हणे.

११ जानेवारी

तिसरं प्रकरण आलं. जसं घडलं तसं लिहितो.

आधी पूर्ण वाचलं. चार स्वल्पविराम चुकले होते, ते घातले. मग मधलं पान परत वाचलं. तिथे दखीलच्या बहिणीचा विलाप दिलेला आहे, तो उतरवतो :

भात गरम होता, दखील, तुझा हात ताटात होता,
तह तीन चंद्रांचा होता, मीठ ओठांवर होतं.
ज्याने तुला मांस वाढलं त्यानेच सुरी फिरवली,
भावा, तुझा घास अजून तुझ्या मुठीत होता.

आणि खाली तिचं विवेचन. की शनावाने दखीलला नदीच्या उतारावर मारलं नाही. तहाची मुदत चालू असताना घरी जेवायला बोलावून, ताटावर मारलं.

आमच्याकडे माणूस मारणं म्हणजे भरपाईचा प्रश्न. ताटावरचा पाहुणा मारणं म्हणजे सात पिढ्यांचं तोंड काळं.

"खोटं आहे," मी म्हणालो.

"तीन बायकांनी गायलं, अम्मू. तीन वेगळ्या गावांत. एकीला दुसरी ठाऊक नाही. शब्द थोडे वेगळे, ताट तिघींच्यात आहे."

"शत्रूच्या बायका."

"दोघी. तिसरी बेत शनावाची आहे."

"कोण?"

"ते सांगणार नाही. शपथ घेतली आहे."

"माझ्या पैशाने?"

"तुम्हीच म्हणाला होतात, जे सापडेल ते लिही."

चहाचं तबक माझ्या हाताशी होतं. ते मी फेकलं. तिच्यावर नाही, भिंतीवर. पेल्याची काच उडून तिच्या भुवईत गेली, हे काचेचं काम. रक्त डोळ्यात उतरलं. तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक दाबून धरलं आणि एका हाताने पानं गोळा केली. क्रमाने लावली. तो क्रम लावण्याचा मला फार राग आला.

घरी रसमियाला विचारलं, आपल्या भावकीत असलं गाणारी कोण आहे. ती भांडी घासत होती. म्हणाली, "असेल एखादी म्हातारी. मेली असेल आता."

१५ जानेवारी

या महिन्याचा हप्ता मी थांबवलेला नाही. फक्त पाठवला नाही.

काल शुक्रवार, भावकीच्या बैठकीत, बोरूने बांधलेल्या पाहुणघरात गेलो. शेख जियाद, माझा चुलतभाऊ, त्याने चारचौघांत विचारलं, "काय अबू गायब, आजोबांचं पुस्तक कुठवर आलं?" आता विचारलंच आहे म्हटल्यावर अर्धवट सांगणं माझ्या स्वभावात नाही. मी सगळी पद्धत समजावली. गाणी कशी गोळा करतात, तीन साक्षी कशा ताडून बघतात. ताटाचंही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर पद्धत कळली नसती. मी म्हणालो की मला मान्य नाही. हेही स्पष्ट म्हणालो.

कॉफी ओतणाऱ्याचा हात थांबला. जियाद म्हणाला, "हे छापलं तर बेत गुमर उद्या दारात येतील. तहाच्या मुदतीतला खून कधी शिळा होत नाही." त्याच्या दोन पुतण्यांपैकी थोरला हातिम शेजारी होता. त्याने विचारलं, पोरगी राहते कुठे. मी सांगितलं, मासळीबाजाराच्या मागे, हिरव्या दाराचं घर. माणसाने विचारलं तर नेमकं सांगावं.

१७ जानेवारी

पहाटे हिरव्या दारावर गोळीबार झाला.

आमची पद्धत अशी आहे की कुणाशी हिशोब असेल तर आधी त्याच्या दारावर गोळ्या झाडायच्या, म्हणजे त्याने मध्यस्थ घेऊन बोलणीला यावं. ही हाक असते. पण या गोळ्या चौकटीच्या वर झाडायच्या असतात. मी स्वतः जाऊन पाहिलं. भोकं छातीच्या उंचीवर होती. जुनी माणसं असं करत नसत. एक गोळी बिजागरीला लागून फिरली आणि इब्तिहालच्या आईच्या मांडीत शिरली. ती पिठाच्या परातीवर पडली होती. पीठ लाल झालं होतं आणि इब्तिहाल दोन्ही हातांनी जखम दाबून बसली होती. भुवईवरचा टाका सुटला होता. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

अलवानकडे बापाची जुनी बंदूक. त्याने गच्चीवरून एकच गोळी मारली. ती हातिमच्या धाकट्या भावाला, गैथला लागली. खालचा जबडा गेला. तो रस्त्यात उठून बसायचा प्रयत्न करत होता म्हणे, बोलायचाही.

दुपारी गैथला अंघोळ घालायला मी होतो. चेहऱ्याला कापूस भरून तो गोल करावा लागला. हे काम दुसऱ्या कुणाला नीट जमलं नसतं. हातिम बाजूला उभा होता, रडला नाही. फक्त म्हणाला, "अबू गायब, पाणी गार आहे, त्याला गार पाणी आवडत नाही." मी पाणी तापवून आणायला लावलं.

अलवान स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन बसला. कोठडीत तो सुरक्षित आहे, पहाऱ्यावर आमच्यातला शिपाई येईपर्यंत.

त्या पोरांना घर कुणी दाखवलं, काही कळत नाही.

२ फेब्रुवारी

जियादने मागणी कळवली. गैथच्या रक्ताची भरपाई, आणि इब्तिहाल. हातिमशी लग्न लावून पोरगी बेत शनावात द्यायची, म्हणजे वैर मिटेल. पूर्वी देत असत तशा. सरकारने यावर बंदी घातली आहे. सरकार बगदादला आहे.

रसमियाने हे ऐकलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "माझ्या आजीला अशीच दिली होती," म्हणाली. "पहिल्या वर्षी तिचे दात पाडले, म्हणजे माहेरी गेली तर तोंड उघडून दाखवायला लाजेल." तीस वर्षांत ही गोष्ट तिने मला सांगितली नव्हती. मी म्हणालो, ते वेगळं होतं. काय वेगळं होतं, तिने विचारलं.

इब्तिहाल संध्याकाळी आवारात आली. वर माडीत आली नाही, खालीच डिझेलच्या पिंपांपाशी उभी राहिली.

"अम्मू, हातिमने निरोप पाठवलाय. लग्नाच्या दिवशीच माझी बोटं मोडणार आहे. लिहायची सवय जावी म्हणून."

"कुठल्या हाताची?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तुम्ही सगळे एकाच घरातले आहात." आणि गेली. मी काय वावगं विचारलं ते कळलं नाही.

१० फेब्रुवारी

काल निवाडा झाला. तोंड सुजलेलं आहे, तरी आजच लिहिलं पाहिजे, तपशील पुसले जातात.

मध्यस्थ सय्यद मुहसिन. म्हातारा, एक डोळा पांढरा, पण त्याच्या शब्दापुढे दोन्ही काठांवर कुणी जात नाही. एका बाजूला आम्ही, बैठक गच्च. समोर इब्तिहालचा एकटा मामा, त्याच्याबरोबर तीन शेजारी.

जियादने मागणी मांडली. सय्यद ऐकून म्हणाला, "गैथ मेला त्या दारावर, कारण तुम्ही त्या दारावर गेलात. तुम्ही गेलात, कारण शब्द. आधी सांगा, शब्द कुणाचे?"

"पोरीचे," जियाद म्हणाला.

"पोरगी पगारी होती असं ऐकतो."

"म्हणजे?"

"पगारी गुराख्याने म्हशी दुसऱ्याच्या शेतात घातल्या तर भरपाई गुराख्याकडून घेता का मालकाकडून?"

बैठकीत कुजबुज झाली. जियाद माझ्याकडे वळला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "चासिब, सय्यदांना सांग. तू फक्त पैसे दिलेस. काय लिहिलं त्याच्याशी तुझा संबंध नाही." मी उत्तर मनात जुळवत होतो. तेवढ्यात हातिम म्हणाला, "त्याला काय विचारता? त्याला काय कळतं त्यातलं? तो थैली आहे. थैलीला कुणी विचारतं का, तुझ्या पैशाचं काय केलं?"

लोक हसले. माझी भावकी हसली. माझी वीज वापरणारे, माझ्याकडून अर्ज लिहून घेणारे, सगळे हसले.

मी उभा राहिलो. म्हणालो, "प्रत्येक ओळ माझ्या हाताखालून गेली आहे. तिसऱ्या प्रकरणातले चार स्वल्पविराम माझे आहेत."

"स्वल्पविराम नको," सय्यद म्हणाला. "मजकूर कुणाचा?"

"माझा. मी तपासला. तीन साक्षी जुळतात. ज्याला चूक दाखवायची असेल त्याने दाखवावी."

"खाली बस," जियाद म्हणाला.

"दाखव ना चूक."

"चासिब, खाली बस."

मी बसलो नाही. सय्यदाने चांगला डोळा मिटला. मग निवाडा दिला. शब्द चासिबचे. तेव्हा भांडण बेत शनावाचं घरातलं. गोळ्या परक्याच्या दारावर झाडल्या, त्या गैर. गैथचं रक्त त्या दारात त्याच्याच माणसांनी सांडायला लावलं. पोरगी द्यायची नाही. तिच्या भावावर हात टाकायचा नाही.

मामा रडायला लागला. हातिमने कॉफीचा पितळी खलबत्ता उचलला आणि मला मारला. पुढचे दोन दात गेले, एक मी थुंकला, एक गिळला असावा. मी पडलो तेव्हा कुणीतरी बरगडीत लाथ घातली. पायताण ओळखीचं होतं, नाव लिहीत नाही. जियादने पुढे होऊन सगळ्यांना थांबवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आजपासून चासिब आमचा नाही. त्याने कुणाला मारलं तर आमच्याकडे येऊ नका. त्याला कुणी मारलं तर आम्ही विचारणार नाही."

म्हणजे आता माझ्या रक्ताला किंमत नाही. मेंढराच्या असते.

मी फक्त थैली नाही एवढंच दाखवायला उठलो होतो. बाकीचं सय्यदाने केलं.

२६ फेब्रुवारी

आवार जाळलं. डिझेलचं पिंप फुटलं तेव्हा माडी खाली आली. जळलेली पुस्तकं दोन दिवस धुमसतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्या दोन कामगारांना आधी बाहेर काढून बडवलं, एकाची बरगडी फुप्फुसात गेली आहे. अर्ध्या गावात अंधार. लोक माझ्यावर चिडले आहेत, जाळणाऱ्यांवर नाही.

एक जनरेटर वाचला. तो विकून इब्तिहालचे राहिलेले हप्ते पाठवले. शिष्यवृत्तीच्या नियमात खंड पडण्याची तरतूद नाही, नियम मीच केले आहेत. ती पैसे घ्यायला आली नाही, अलवान आला. तो सुटला आहे. सही करताना म्हणाला, "इब्तिहाल विचारत होती, दातांचं काय." मी म्हणालो, दात तिच्या विषयात येत नाहीत.

२० एप्रिल, इस्पितळ

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर वाईट येतं, इलाज नाही. उजव्या हाताच्या शिरा कापल्या गेल्या. पोटात दोन वार आहेत, त्यातला एक खोल.

सतरा तारखेला तोंडी परीक्षा झाली. सभागृह भरलेलं. आमच्याकडे परीक्षेला अख्खं घर येतं, मिठाई, फुलं, लहान मुलं. इब्तिहालची आई चाकाच्या खुर्चीत. रसमिया तिच्या शेजारी बसली, माझ्या शेजारी नाही. मी तिसऱ्या ओळीत. शेवटच्या ओळीत हातिम आणि आणखी दोघं, मांडीवर मिठाईचा खोका घेऊन, नवे कपडे घालून.

परीक्षक बाहेरून आलेला, टक्कल, चष्मा. त्याने पहिल्यांदा पुराचं साल काढलं. म्हणाला, साफ चुकलेलं आहे, सगळे अहवाल वेगळं सांगतात. तो बगदादचा असल्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

मग त्याने आभाराचं पान उघडलं. "या शिष्यवृत्तीचे देणगीदार म्हणजे त्याच शनावाचे नातू. त्यांनी प्रकरणं आधी वाचली. आणि इथल्या जमातीच्या निवाड्यात त्यांनी जाहीर सांगितलं की मजकूर त्यांचा आहे, असं विद्यापीठात शिपायापासून सगळे बोलतात. मग पदवी कुणाला द्यायची? त्यांना?"

लोक हसले. या वेळी मला हसण्याचं काही वाटलं नाही. मी शेवटच्या ओळीकडे पाहत होतो. हातिमने खोका शेजाऱ्याकडे दिला होता.

"सरळ सांगा," परीक्षक म्हणाला. "हे शब्द कुणाचे?"

सगळं अडलं होतं ते इथे. स्वतःचे म्हणाली तर निवाडा मोडतो, उद्या परत हिरवं दार. चासिबचे म्हणाली तर पदवी गेली. तिने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. मी मान हलवून खूण केली, की माझं नाव सांग. स्पष्ट खूण केली. तिने पाहिली.

"माझे," ती म्हणाली. "प्रत्येक ओळ. पुराचं साल सोडून."

हातिम उठला. मी त्याच्या मागे गेलो.

बाहेरच्या व्हरांड्यात त्याने वळून पाहिलं. "ऐकलंस? शब्द तिचे. तिच्या तोंडाने सांगितलं तिने. दार अजून हिरवंच आहे ना?" आणि आणखी काहीतरी म्हणाला. थैली म्हणाला असावा. नीट ऐकू आलं नाही, पण तेच म्हणाला असणार, नाहीतर माझं डोकं एवढं फिरलं नसतं. भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी होती. ती काढून मी त्याच्या तोंडावर मारली. नाक आत गेलं, आवाज ओला आला. दुसऱ्यांदा मारली. तेव्हा त्याचा सुरा माझ्या पोटात आला, मग परत. तिसऱ्या वारासाठी तो बाहेर काढत होता तेव्हा मी पातं धरलं. हाताने. तो ओढत होता आणि मी सोडत नव्हतो. त्याचे जोडीदार ओरडत होते, सोड, चल, लोक येताहेत. लोकच यायला हवे होते. का, ते सांगता येत नाही, पण दार उघडून सगळं सभागृह व्हरांड्यात येईपर्यंत मी पातं सोडलं नाही. प्राध्यापक, शिपाई, मिठाई धरलेल्या बायका, सगळ्यांनी त्याचा हात आणि माझं रक्त एकत्र पाहिलं. मग मी बसलो.

तिला उत्तम श्रेणी मिळाली. अत्युत्तम मिळायला हवी होती.

२४ एप्रिल

जियाद आला होता. एकटा. दाराशी अलवान बसतो, त्याची झडती घेऊन जियादने त्याला बाहेर घालवलं. झडती कुणी कुणाची घ्यायची, हेही आता उलटं झालं आहे.

खाटेच्या कडेवर बसला. आम्ही एकाच वर्षी जन्मलो, एकाच म्हशीच्या दुधावर वाढलो. त्याने माझी चादर नीट केली.

"सय्यदाने परत बोलावलं होतं," म्हणाला. "म्हणतो, या शब्दांसाठी बेत शनावाने रक्त घेतलं, शंभर लोकांदेखत घेतलं. एका शब्दाचं रक्त दोनदा घेता येत नाही. पोरीला हात लावला तर तो स्वतः आमच्या दारात झोपून आमची नाचक्की करेल." मग म्हणाला, "तू हे ठरवून केलंस?"

"त्याने मला थैली म्हटलं."

"हातिम म्हणतो, नाही म्हटलं."

"मग त्याच्या लक्षात नसेल. नाकावर लागलंय त्याला."

जियादला हसू आलं, ते त्याने गिळलं. "ऐक चासिब. डॉक्टर सांगतात, आत पू झालाय. जनाज्याला खांदा द्यायला चार माणसं लागतात. तुझ्याकडे बायको आहे आणि एक मासेवाला. एवढंच म्हण, की पोरीने खोटं लिहिलं. मी उद्या तुला परत घेतो, सगळ्यांदेखत."

"तू वाचलंस?"

"काय?"

"प्रबंध."

"मला काय करायचंय वाचून?"

"मग वाच. हरकत असेल तर लेखी कळव, पान क्रमांक टाकून."

त्याने पट्टीवर अंगठा ठेवला. आधी नुसता ठेवला, मग दाबला. टाके ताणले गेले, खाली काहीतरी गरम सरकलं. मी खाटेचा गज धरला. ओरडलो असतो तर परिचारिका आली असती, म्हणून ओरडलो नाही. बोलणं अर्धवट राहिलं असतं. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याशी आला होता. त्याच्याही कपाळावर घाम होता.

"शनावाने त्याला ताटावर मारलं," तो अगदी हळू म्हणाला. विचारत होता की सांगत होता, ते मला कळलं नाही.

अंगठा होता तिथेच होता.

"कुठल्या पानावर आहे?"

"मधूनच वाचू नकोस," मी म्हणालो. "पहिल्यापासून वाच."